वैशाखात पाणी, आषाढात माणूस : निवारा वाढवण्याआधीचा हिशेब

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. गुहागर तालुक्यात घरच्या २२ गुंठ्यांत तुम्ही आणि तुमचे यजमान प्राण्यांचा निवारा चालवता. आज तुमच्याकडे ४० कुत्री, ११ मांजरे आणि ९ गुरे आहेत, हाताशी एक कामगार आहे. महिन्याचा खर्च ९० हजारांच्या घरात जातो. त्यातले ३५ हजार ठरलेल्या देणगीदारांकडून येतात, बाकीचे कधी कोणाच्या वाढदिवसाच्या देणगीतून आणि बहुतेक वेळा तुमच्याच घरातून. आता मुंबईच्या एका दात्यांनी आईच्या स्मरणार्थ १५ लाख रुपये देऊ केले आहेत, पण ते १०० कुत्र्यांच्या शेडसाठीच. चुलत दीर सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, एकरभर जागा द्यायला तयार आहेत. पुण्या-मुंबईची पंधराएक तरुण मुले सुट्टीत येऊन काम करू म्हणतात. तुम्ही विचारता, पावसाआधी शेड उभी करून घ्यावी का?

पैसे नाकारू नका, पण १०० कुत्र्यांची शेड बांधू नका. निदान पुढची दोन वर्षे तरी नको.

मी पशुवैद्यक. सरकारी दवाखान्यात नोकरी झाली, आणि आता रत्नागिरी जिल्ह्यातच निवारा चालवतो. बंद पडलेले निवारे पाहिले, त्यातले काही आवरून त्यांचे प्राणी आमच्याकडेही आले. जागा कमी पडली म्हणून बंद पडलेला निवारा मला आठवत नाही. पाणी संपले, कामगार सोडून गेला, चालवणारी बाई आजारी पडली, औषधवाल्याची उधारी थकली, अशीच कारणे असतात. म्हणून कोकणात निवाऱ्याची क्षमता दोनदा मोजायची : वैशाखात पाण्यावर आणि आषाढात माणसांवर. दोन्हींतला जो आकडा लहान निघेल, तेवढेच प्राणी तुम्हाला झेपतात. शेडमध्ये किती मावतात हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी पाणी. आपल्या जिल्ह्यात तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतात. कातळावर तर पाणी टिकतच नाही. तुमच्या दिरांच्या जागेत बोअर मारून भागेल असे कोणी म्हणत असेल, तर एप्रिल-मे मध्ये शेजारच्या बोअरना किती पाणी असते ते स्वतः जाऊन बघा. कुत्रा दिवसाला पितो लिटरभर, पण त्याची खोली धुवायला दहा-पंधरा लिटर लागतात. लहान चणीची गावठी गाय उन्हाळ्यात ४० लिटरपर्यंत पाणी पिते. तुमच्या ४० कुत्र्यांचे आणि ९ गुरांचे मिळून, मांजरे आणि भांडीकुंडी धरून, रोजचे हजार-बाराशे लिटर होतात. एप्रिलच्या मध्यापासून मिरगाचा पाऊस लागेपर्यंतचे ५५ दिवस धरा. साठ-पासष्ट हजार लिटर! तुमच्या विहिरीत तेवढे आहे का? तुम्ही लिहिलेत की मेमध्ये विहीर तळाला जाते आणि शेजारच्यांकडून पाइप घेता. मग आजचेच प्राणी काठावर आहेत. आणखी ६० कुत्री म्हणजे रोजचे आणखी हजार लिटर.

यावर उपाय आहे आणि तो १५ लाखांत सहज बसतो. २०० चौरस मीटरच्या छपरावर तीन हजार मिलीमीटर पाऊस म्हणजे सहा लाख लिटर. गळती आणि पहिल्या पावसाचे सोडून दिलेले पाणी वजा केले तरी साडेचार लाखांच्या खाली जात नाही. पाणी पडायला कमी नाहीच, ते ऑक्टोबरपासून जूनपर्यंत साठवायला जागा नाही. दात्यांना पहिली गोष्ट मागायची ती ६०-७० हजार लिटरची झाकलेली टाकी. टाकीवर आईचे नाव कोरता येते. देणगीदारांना टाकी आवडत नाही, त्यांना कुत्र्यांचे फोटो हवे असतात, असे म्हणतात. मेमध्ये एकदा येऊन बघा, असे मी त्यांना सांगतो, आणि जे येतात त्यांना टाकीचे महत्त्व पटते.

आता आषाढ. अमेरिकेतल्या प्राणी-निवाऱ्यांच्या संघटनेने घालून दिलेला एक जुना हिशेब आहे : एका प्राण्यामागे दिवसाला किमान १५ मिनिटे, ९ साफसफाईची आणि ६ खाण्या-पिण्याची. त्यात औषध, फिरवणे, जवळ बसणे काहीच धरलेले नाही. तुमच्या ४० कुत्र्यांचे या हिशेबाने रोज १० तास होतात, म्हणजे एका माणसाच्या दिवसापेक्षा जास्त. शंभरांचे २५ तास. आणि हा कोरड्या हवेतला हिशेब आहे. आपल्याकडे जुलैत फरशी वाळत नाही, पोती वाळत नाहीत, दिवसातून दोनदा पुसावे लागते. जखमेत किडे पडण्याचे प्रकार याच दिवसांत वाढतात, आणि एकेका जखमेपुढे अर्धा तास बसावे लागते. नेमक्या याच महिन्यात गावात लावणी असते, मजूर मिळत नाही. घाटात दरड आली की पुण्याची मुले यायची थांबतात, दोन-दोन दिवस वीज नसते. पुढे गणपती. कामगार गणपतीला सुट्टी मागणार आणि ती द्यायलाच हवी. आठ दिवस तुम्ही दोघे आणि शंभर कुत्री, हे चित्र मनाशी आणून मग शेडचा नकाशा बघा.

पावसातली एक सकाळ नीट पार पडायची तर काय लागते ते लिहितो, म्हणजे नवा माणूस शिकवायला किती वेळ जातो हे ध्यानात येईल. सर्वांत आधी पिल्लांच्या खोलीचे दार उघडायचे, कारण ती सर्वांत नाजूक. दाराशी त्या खोलीचे वेगळे गमबूट, वेगळा खराटा, वेगळी बादली. विष्ठा आधी कोरडी उचलायची, तिच्यावर पाणी मारायचे नाही, नाहीतर ती फटींत जाऊन बसते. उचलतानाच बघायचे : पातळ आहे का, रक्त आहे का, शेंबडासारखे काही आहे का, आणि कोणते पिल्लू कोपऱ्यात मान खाली घालून बसले आहे. मग साबणाने घासायचे, धुवायचे, आणि त्यानंतरच ब्लीच. घाणीवर ओतलेले ब्लीच वाया जाते, त्याचा जोर घाणीतच संपतो. तीस पट पाण्यात मिसळलेले घरगुती ब्लीच दहा मिनिटे तसेच राहू द्यायचे, मग पुन्हा धुवून वायपरने पाणी काढायचे. पिल्लांनंतर धडधाकट मोठी कुत्री, मग नवीन आलेली आणि सर्वांत शेवटी आजारी. उलट क्रमाने गेलात तर पार्व्हो हा जीवघेणा विषाणू तुम्हीच बुटांवरून पिल्लांपर्यंत नेऊन पोहोचवता. हा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, म्हणून लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू अंगणातल्या मातीवर सोडायचे नाही, ते कितीही रडले तरी.

म्हणून दात्यांच्या पैशातले दुसरे काम अलगीकरणाची खोली. नव्या प्राण्याला १४ दिवस वेगळे ठेवायची जागा तुमच्याकडे नाही, पडवीत बांधता असे लिहिलेत. ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली. मुख्य जागेपासून वीस-पंचवीस पावले दूर, वेगळ्या उताराची, पाचसहा खोल्यांची लहान इमारत झाली की तुमच्याकडे दगावणाऱ्या पिल्लांची संख्या खाली येईल. प्राण्यांचा आकडा एकानेही न वाढवता निवारा मोठा होतो तो असा.

बांधकामाबद्दल दोन गोष्टी, कारण पुण्याहून आलेले नकाशे इथे चालत नाहीत. चिऱ्याची भिंत स्वस्त आणि थंड असते, पण उघड्या चिऱ्याच्या फटींत गोचिडी घर करतात. कुत्र्याच्या अंगावरची गोचीड काढून भागत नाही, ती उतरून भिंतीवर चढते आणि फटीत अंडी घालते. आतून किमान छातीइतक्या उंचीपर्यंत घोटीव गिलावा आणि कोपरे गोलसर, म्हणजे खराटा फिरतो. पाऊस आपल्याकडे पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून तिरपा येतो, त्यामुळे उघडी बाजू पूर्वेला ठेवा, छपराची वळचण चार फूट बाहेर काढा आणि पश्चिमेला पक्की भिंत. साधी लोखंडी जाळी खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत गंजते आणि तिची तुटकी टोके कुत्र्यांचे ओठ फाडतात. जस्ताचा चांगला मुलामा असलेलीच घ्या आणि खालचा फूटभर भाग भिंतीचाच करा. समोरासमोर खोल्या ठेवू नका, एकमेकांकडे बघत कुत्री दिवसभर भुंकतात. वाडीशी तुमचे संबंध बिघडतील ते वासाने आणि भुंकण्यानेच.

पत्र्यांविषयी वेगळे सांगायला हवे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर आणि उत्तर रत्नागिरीत पत्रे कसे उडाले ते तुम्ही बघितले आहे, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आले. उडालेला पत्रा जनावराला कापतो. वादळाचा इशारा आला की कोणती खोली सर्वांत भक्कम, कोणती कुत्री कोणाबरोबर भांडत नाहीत, गुरे कुठे न्यायची, हे कागदावर लिहून भिंतीला लावलेले असावे. आणि गुरे दावणीला बांधून माणसाने निघून जायचे नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी कसे चढले हे आठवा. बांधलेल्या गुराला अशा वेळी सुटका नसते. दावे एका झटक्यात सुटेल अशी गाठ प्रत्येक कामगाराला आणि स्वयंसेवकाला आलीच पाहिजे.

आता दिरांची जागा. त्यांची भावना मोठी आहे, पण कागद बघितल्याशिवाय तिथे एक चिराही ठेवू नका. सातबाऱ्यावर त्यांचे एकट्याचे नाव आहे की सामाईक क्षेत्र आहे? कोकणात एकरभर जागेवर पंधरा-वीस नावे असणे नवे नाही. निम्मे हिस्सेदार मुंबईत, दोघे-तिघे वारलेले, त्यांच्या वारसांची नोंद नाही. आज कोणी हरकत घेत नाही. शेड झाली, रस्ता झाला, जागेला भाव आला की हरकती येतात, आणि त्या वेळी तुमच्याकडे शंभर मुकी जनावरे असतील. दुसरे म्हणजे कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत तर घेता येत नाहीच, बक्षीसपत्राने किंवा भाडेपट्ट्यानेही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. तुम्ही दोघे शेतकरी असाल, तुमचा ट्रस्ट नाही. जागा ट्रस्टच्या नावे करायची तर ही परवानगी आधी. आणि घरच्यांना हेही स्पष्ट सांगा की ट्रस्टकडे गेलेली जागा पुढे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, भावबंदांकडे परत येत नाही. हे आधी न सांगितल्यामुळे तुटलेली घरे मला माहीत आहेत.

सड्यावरच्या जागेचा उपयोग मात्र आहे. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत कापून घेता येईल. नऊ गुरांना रोज प्रत्येकी पाच-सहा किलो सुका चारा धरला तर महिन्याला दीड टन होतो, आणि घाटावरून कडबा आणण्यापेक्षा आपले गवत आणि भाताचा पेंढा परवडतो. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, बेगमीत माणसांच्या तांदूळ-मिठाबरोबर गुरांच्या गवताची उडवीही आली पाहिजे. गवत कापण्याची परवानगी दिरांनी दिली आणि इतर हिस्सेदारांची ना हरकत घेतली, की ना बांधकाम, ना नावावर करणे, ना भांडण.

पैशांकडे येतो. तुमच्याच आकड्यांनी बघू. दर महिन्याला ५५ हजारांची तूट आहे. एका कुत्र्यामागे खाणे आणि औषध मिळून महिना १,२०० ते १,५०० रुपये धरले, तर ६० कुत्र्यांचे ७२ ते ९० हजार होतात, शिवाय दोन कामगारांचा पगार. दात्यांचे १५ लाख एकदाच येणार आणि शेडच्या भिंतींत जाणार. तूट मात्र दर महिन्याला, तिप्पट होऊन. शेडला दाते मिळतात, जुलैतल्या औषधांना मिळत नाहीत, आणि यात दात्यांचा दोष नाही. आपणच त्यांना शेड दाखवतो. महिन्याचा खर्च उघडपणे दाखवायला लागलो की त्यालाही देणारे भेटतात.

यासाठी तुमचे सर्वांत मोठे भांडवल गावच आहे. तुमच्या आणि आसपासच्या गावांची मुंबईत मंडळे आहेत. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात, त्यांच्या घराच्या ओसरीवर वाढलेले कुत्रे वर्षभर कोण सांभाळते हे त्यांना ठाऊक आहे. मोठ्या रकमा मागू नका. महिना ३०० रुपये, बँकेतून आपोआप जाणारे, एका गुराचे वैरण-पाणी किंवा एका कुत्र्याचे आठवड्याचे खाणे. दोनशे घरांनी असे दिले तर ६० हजार होतात आणि तुमची तूट भरून निघते. वर्षातून एकदा मंडळाच्या सभेत जाऊन जमाखर्च वाचून दाखवा. किती आले, किती गेले, किती प्राणी आले, किती दगावले. दगावलेले लपवू नका. लोक मृत्यूने दूर जात नाहीत, लपवण्याने जातात.

पावतीच्या बाबतीत काटेकोर राहा. ८०जी म्हणून लोकांना माहीत असलेली करसवलत रोख २,००० रुपयांच्या वरच्या देणगीला मिळत नाही, आणि वस्तूरूपात दिलेल्या तांदळाला, पत्र्यांना, औषधांनाही मिळत नाही. हे देणाऱ्याला आधीच सांगावे. देणगीदारांची यादी दरवर्षी आयकर खात्याला ऑनलाइन द्यावी लागते आणि त्यानंतर निघणारे प्रमाणपत्र देणाऱ्याच्या हाती गेले पाहिजे. तालुक्याच्या गावातला सीए हे काम थोड्या फीमध्ये करतो. परदेशातल्या देणग्यांबाबत एक गोंधळ नेहमी होतो. दुबईत किंवा मस्कतमध्ये नोकरी करणारा, भारताचा पासपोर्ट असलेला आपला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवतो तेव्हा ती परदेशी देणगी धरत नाहीत. तोच माणूस तिकडचा नागरिक झाला असेल तर धरतात, आणि मग २०१० च्या परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना एक रुपयाही घेता येत नाही. कंपन्यांच्या सामाजिक निधीत प्राणीकल्याण बसते, लोटे किंवा महाडच्या एमआयडीसीत विचारता येईल, पण तो निधी बहुतेक वेळा एका वर्षापुरता असतो. त्यावर पगार बसवू नका.

देणगीबरोबर येणाऱ्या एका अटीला मात्र ठाम नकार द्या : मी इतके देतो, माझा कुत्रा ठेवून घ्या. एकदा हे सुरू झाले की डिसेंबरमध्ये पर्यटक आणि मेमध्ये घर बंद करून जाणारे गाडीतून कुत्री आणून सोडतात.

स्वयंसेवकांची पंधरा मुले येतो म्हणतात हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. त्यांना वाया घालवू नका आणि त्यांच्यावर निवाराही टेकवू नका. रोजचे काम पगारी माणसाने करायचे, स्वयंसेवकाने त्याला हात द्यायचा. म्हणून पहिली भर दुसऱ्या कामगाराची, आणि तो शक्यतो गावातलाच. आमच्या अनुभवात गावातली बाई या कामाला सर्वांत चांगली. गुरांची सवय असते, घाईगडबड नसते, कोणत्या जनावराने आज खाल्ले नाही हे न सांगता कळते. तिला वेळेवर पगार, गमबूट, रेनकोट आणि गणपतीची सुट्टी.

येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला कुत्र्यांना हात लावण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस झालेली हवी : पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि २१ व्या किंवा २८ व्या दिवशी. यात महिना जातो, तेव्हा मेमध्ये येणाऱ्याला मार्चमध्येच सांगा. लस झालेल्यालाही चावा बसला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवायची आणि दवाखान्यात जायचे, हे बदलत नाही. पावसाळ्यात येणाऱ्याला लेप्टो या तापाची माहिती द्या. उंदरांच्या मुतातून तो पसरतो, पायाला भेग किंवा जखम असेल तर गमबुटाशिवाय गोठ्यात उतरू देऊ नका.

शहरातल्या मुलांना कामे कोणती द्यायची? ऑक्टोबर ते मार्च ही त्यांची खरी वेळ. उडवी रचणे, गिलावा आणि रंग, पाण्याचे पाइप, प्रत्येक प्राण्याचा फोटो आणि कार्ड, माणसाळायचे राहिलेल्या कुत्र्याजवळ नुसते तासभर बसणे. घरे शोधणे हे तर त्यांनीच करावे. पुण्या-मुंबईत चांगली घरे त्यांच्या ओळखीत असतात, तुमच्या नाही. पंधरांपैकी तिघे-चौघेच दरवर्षी येतील असे धरून चला. हिशेब लिहायला, देणगीदारांना पत्रे पाठवायला त्यांच्यातलीच एक-दोन मुले घरबसल्या वर्षभर मदत करतील, आणि जुलैत तुम्हाला तीच मदत सर्वांत जास्त लागेल.

आपल्याच किनाऱ्यावरच्या वेळास गावाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २००२ पासून तिथे सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावाला बरोबर घेऊन कासवांची घरटी राखली. बाहेरून माणसे बघायला येऊ लागली तेव्हा त्यांची राहण्या-जेवणाची सोय गावातल्या घरांत झाली आणि त्याचे उत्पन्न गावाला मिळाले. तुमचे स्वयंसेवकही शेजारच्या दोन घरांत पैसे देऊन राहू-जेवू देत. ज्या घराला निवाऱ्यामुळे चार पैसे मिळतात ते घर ग्रामसभेत तुमच्या बाजूने उभे राहते.

आकडा वाढू न देण्यासाठी दारातच थोडी चौकशी हवी. रस्त्यावर बसलेले जनावर मोकाट असतेच असे नाही. भातकापणीनंतर गुरे मोकळी सोडण्याची आपली जुनी रीत आहे. कानात बारा आकडी बिल्ला असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात मालकाचे नाव निघते. आधी तिथे जा. महामार्गावर धडकलेल्या जनावरासाठी १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करा. वन्यप्राणी, मग ते माकडाचे पिल्लू असो, उदमांजर असो की किनाऱ्यावर जखमी आलेले कासव, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तुम्हाला ठेवता येत नाही. वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवायचे आणि येणाऱ्या माणसाच्या ताब्यात द्यायचे. दया म्हणून ठेवलेल्या माकडामुळे निवाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

भटक्या कुत्र्यांचा मूळ उपाय नसबंदीच आहे. मादी वर्षातून दोनदा माजावर येते, तुमच्या शेडमध्ये साठ कुत्री मावतील तोवर बाहेर तेवढीच जन्मतील. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस करून कुत्रे जिथून आणले तिथेच सोडायचे असते, आणि हे काम भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेनेच करायचे आहे. तशी संस्था शोधून तिला तुमच्या पाच-सहा गावांत बोलावणे, राहायला जागा देणे, शस्त्रक्रियेनंतर कुत्री सांभाळणे, हे तुम्ही नक्की करू शकता. दात्यांच्या पैशातला एक हिस्सा इथे गेला तर त्याचे फळ सर्वांत जास्त.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री निवाऱ्यात हलवण्याचे आदेश दिले. तेव्हापासून तुमच्यासारख्यांच्या दाराशी नगरपंचायतीची गाडी येण्याची शक्यता वाढली आहे. ही जबाबदारी नगरपंचायतीची आहे, तुमची नाही. लेखी करार, प्रत्येक कुत्र्यामागे दरमहा ठरलेली रक्कम आणि अलगीकरणाची सोय असल्याशिवाय एकही कुत्रे उतरवून घेऊ नका, गाडीबरोबर सरपंच स्वतः आले तरी.

दात्यांना लिहायचे ते असे लिहा : तुमच्या आईंच्या नावाने आम्ही पाण्याची टाकी आणि अलगीकरणाची इमारत बांधू, पाच गावांत एक वर्ष नसबंदी मोहीम घेऊ आणि उरलेली रक्कम कायम निधी म्हणून बँकेत ठेवू. अंदाजपत्रक स्थानिक कंत्राटदाराकडून घेऊन सोबत जोडा. समजा ६ लाख कायम निधीत राहिले, तर सात टक्क्यांनी वर्षाला ४२ हजार व्याज येते. आगोटीची औषधे आणि लसी त्यातून घेता येतील. मात्र ही रक्कम कायम निधीसाठीच दिली आहे असे दात्यांचे स्वतंत्र लेखी पत्र लागते, ते नसले तर ती वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते. बांधकाम या पावसाआधी घाईने उरकू नका. टाकीची जागा आताच खोदून ठेवा, इमारत दसऱ्यानंतर सुरू करा. आणि त्यांनी शेडच हवी असा आग्रह धरला तर त्यांना जुलैत दोन दिवस राहायला बोलवा. तुमच्याकडे ऐन पावसात कोण किती वाजता उठते आणि कधी जेवते, हे त्यांना सांगण्यापेक्षा दाखवलेले बरे.

दुसरा कामगार मिळाला, टाकी भरली आणि एक पूर्ण पावसाळा पिल्ले न दगावता गेला की मला पुन्हा लिहा. तेव्हा ४० चे ५५ करायचे का, यावर बोलू.